सुट्टीचे घर पर्यटकांना देताना: आधी वापर, मग विमा, शेवटी जाहिरात

कोकणातल्या गावी घर आहे, वर्षातून तीन-चार आठवडे आपण जातो आणि एरवी घराला कुलूप असते. तेव्हा ते पर्यटकांना द्यावे, हा विचार आता घरोघर होतो आणि तो रास्तही आहे. मात्र बहुतेक जण कामे उलट्या क्रमाने करतात. आधी फोटो काढून संकेतस्थळावर नोंद होते, येत्या शनिवार-रविवारी पाहुणे येऊन जातात, मग सवडीने ग्रामपंचायतीत चौकशी होते. विमा एक तर नसतोच, किंवा गृहकर्जाच्या वेळी उतरवलेला ‘आहे की’ असे म्हणून तो विषय बाजूला पडतो. हा लेख कामांच्या योग्य क्रमासाठी आहे. तो रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातील घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. लोणावळा-महाबळेश्वरकडील बंगल्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

टप्पा १: घराचा वापर एका वाक्यात लिहून काढा

विम्याचा, कराचा आणि परवानग्यांचा प्रत्येक प्रश्न शेवटी ‘हे घर कशासाठी वापरले जाते’ या एका प्रश्नावर येऊन थांबतो. म्हणून पहिल्यांदा कागद घेऊन पुढीलपैकी कोणते वाक्य आपल्याला लागू पडते ते लिहावे: घरात फक्त आपले कुटुंब राहते, घर अकरा महिन्यांच्या किंवा अधिक मुदतीच्या कराराने एका कुटुंबाला राहायला दिले आहे, घर एक-दोन रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांना दिले जाते, किंवा संपूर्ण घर पर्यटकांसाठी घरे चालवणाऱ्या एखाद्या चालकाच्या ताब्यात दिले असून पाहुणे तो आणतो. ही चार वाक्ये म्हणजे विमा कंपनीच्या दृष्टीने चार वेगवेगळ्या जोखमी आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी देणे बंधनकारक झाले. घरासाठी ती उत्तम पॉलिसी आहे. आपण स्वतः राहत असाल किंवा भाडेकरू राहत असेल तरी ती चालते. पण घर ‘हॉलिडे होम’ म्हणून किंवा राहण्या-जेवणाच्या व्यवसायासाठी वापरले जात असेल, तर तिच्या मूळ शब्दांनुसारच इमारतीला संरक्षण मिळत नाही. हे वाक्य पॉलिसीच्या आतल्या पानांत असते. पहिल्या पानावर घराचा पत्ता आणि रक्कम पाहून बहुतेक जण समाधान मानतात.

आमच्या नात्यातील एका घराची कौले वादळात उडाली आणि पाठोपाठच्या पावसाने माजघरातील गाद्या, लाकडी पलंग आणि फ्रीज यांचे नुकसान झाले. विमा कंपनीकडून नुकसान पाहणारे सर्वेक्षक आले, छत पाहिले, वासे मोजले, आणि जाता जाता दाराशेजारी भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या आवरणातील कागदाचा फोटो काढून घेऊन गेले. त्यावर लिहिले होते: ‘चेक-आउट सकाळी १० वाजता. जेवणाची ऑर्डर आदल्या रात्री द्यावी.’ पॉलिसी घरगुती होती. दावा नाकारला गेला आणि त्या नकारात विमा कंपनीची चूक दाखवता येईना.

*तपासणी: सध्याच्या पॉलिसीची सर्व पाने मागवून घ्यावीत आणि त्यांत वापराविषयीचे व घर रिकामे राहण्याविषयीचे कलम शोधून त्याखाली रेघ मारावी. घरावर कर्ज असेल तर ती पॉलिसी बँकेच्या नावाशी जोडलेली असते. वापर बदलणार असल्याचे बँकेलाही लेखी कळवावे.*

टप्पा २: मालकीचे कागद सरळ करा

कोकणात हा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. घर चुलत्या-पुतण्यांच्या सामाईक जमिनीवर असते, सातबाऱ्यावर आठ-दहा सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील दोन जण हयात नसतात आणि घरपट्टी अजूनही आजोबांच्या नावाने भरली जाते. अशा घराचा विमा एकाच भावाने स्वतःच्या नावावर उतरवला, तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न येतो की या घरात आपला हिस्सा किती. विम्यात ज्याचे हित असते, त्यालाच त्या हितापुरती भरपाई मिळते.

म्हणून वारसनोंद आधी करून घ्यावी. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, ताजा उतारा घ्यावा. तलाठ्याकडून मिळणारा ८-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा असतो, तो वेगळा. नावे सारखी असल्याने लोक एकाऐवजी दुसरा जोडतात आणि फाइल परत येते. सहहिस्सेदार असतील तर पॉलिसीत सर्वांची नावे घालावीत. शक्य नसल्यास घर सांभाळणाऱ्याच्या नावे इतरांनी कुलमुखत्यारपत्र करून द्यावे आणि त्याची प्रत विम्याच्या प्रस्तावाला जोडावी. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या भावंडांकडून ‘काही हरकत नाही’ असा फोनवरचा होकार पुरेसा नाही.

शेतजमिनीवर बांधलेले शेतघर असेल तर व्यवसायासाठी बिगरशेती परवानगीचा प्रश्न येतो, आणि समुद्राला लागून असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बंधनांचा. हे दोन्ही प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी जाणत्या वकिलाकडून लेखी उत्तर घेऊन मगच पुढे जाण्यासारखे आहेत. त्यांत अंदाजाने चालू नये.

टप्पा ३: नोंदणी आणि परवानग्या

महाराष्ट्रात निवास-न्याहरी किंवा होमस्टे म्हणून राज्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते. मालकाचे कुटुंब त्याच घरात राहते आणि काही खोल्या पाहुण्यांना देते, ही निवास-न्याहरीमागची मूळ कल्पना आहे. मालक मुंबईत आणि घर राखणदाराच्या भरवशावर, अशी स्थिती असेल तर अर्जात ती दडवू नये. गोव्यात घर असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे सक्तीचे आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला दोन्हीकडे लागतो असे धरून चालावे. सोसायटीतील सदनिका असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्यावी. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीही लागते.

घर चालकाच्या ताब्यात देत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी मालकावर आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या करारात विमा कोणी उतरवायचा, हप्ता कोणी भरायचा आणि पाहुण्याला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, ही तीन वाक्ये नसतील तर सही करू नये.

कराविषयी थोडक्यात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास जीएसटी नोंदणी लागते. ही उलाढाल एका पॅनवरील सर्व व्यवसायांची मिळून मोजतात, त्यामुळे ज्या सल्लागाराची आधीच नोंदणी आहे, त्याच्या घराच्या पहिल्या रुपयावरही कर लागतो. भाडेकरूकडून येणारे घरभाडे आणि पाहुण्यांची सेवा करून मिळणारे उत्पन्न आयकर विवरणात सहसा वेगवेगळ्या सदरांत जातात. घरभाड्यावर मिळणारी ३० टक्के वजावट दुसऱ्या प्रकारात गृहीत धरू नये.

टप्पा ४: विम्याची रक्कम नीट काढा

विमा घराचा असतो, जमिनीचा नाही. वाडीसकट मालमत्तेची बाजारातील किंमत ऐंशी लाख आहे म्हणून ऐंशी लाखांचा विमा उतरवणारा माणूस वर्षानुवर्षे जास्त हप्ता भरतो, आणि दाव्यात त्याला बांधकामापुरतेच मिळते. उलट बाजूला, कर्ज बारा लाखांचे होते म्हणून बारा लाखांचाच विमा ठेवणारा अधिक अडचणीत येतो. योग्य पद्धत अशी: चटई क्षेत्र मोजावे आणि आज तसेच घर नव्याने बांधायला चौरस फुटाला येणाऱ्या खर्चाने त्याला गुणावे. चिऱ्याच्या भिंती, सागवानी तुळया आणि मंगलोरी कौले असलेल्या जुन्या घरासाठी शहरातील सिमेंट-काँक्रीटचा दर लावू नये. गावातील गवंडी आणि सुतार यांच्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात निसर्ग चक्रीवादळाने अवघ्या काही तासांत हजारो छपरे नेली, तेव्हा कौले आणि पत्रे मिळवण्यासाठी लोकांना किती फिरावे लागले, हे तिथल्या कोणालाही विचारावे. त्यामुळे अंदाजपत्रक काढताना हात आखडता घेऊ नये.

व्यवसायाच्या विम्यात रक्कम कमी ठेवल्याचा परिणाम कसा होतो, ते समजून घ्यावे. समजा इमारत नव्याने बांधायला ४० लाख लागतील आणि विमा २५ लाखांचा आहे. वादळाने ८ लाखांचे नुकसान झाले. लोक समजतात की नुकसान २५ लाखांच्या आत असल्याने ८ लाख पूर्ण मिळतील. प्रत्यक्षात ४० पैकी २५ लाखांचाच विमा असल्याने भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते आणि हाती ५ लाख येतात.

कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, सौर पॅनेल, विहिरीवरचा पंप आणि बाहेरची मोरी यांची वेगळी यादी करून प्रत्येकासमोर किंमत लिहावी. माड आणि पोफळी कोसळून घराचे नुकसान झाले तर ते विम्यात येते, पण झाडांची स्वतःची किंमत येत नाही.

टप्पा ५: विमा लेखी मागा आणि लेखीच घ्या

पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या घरासाठी बहुधा एक पॉलिसी पुरत नाही. चार गोष्टी मागाव्या लागतात.

पहिली, इमारत आणि सामानासाठी व्यावसायिक अग्निविमा. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी त्यासाठी आहे. आग, वीज कोसळणे, वादळ, पूर, भूकंप, दरड अशा घटना तिच्यात येतात. विमा-रकमेतील १५ टक्क्यांपर्यंतची तूट तिच्यात माफ असते. वरच्या उदाहरणातील तूट मात्र त्याहून बरीच मोठी आहे.

दुसरी, घरफोडीचा विमा. अग्निविम्यात चोरीला फार मर्यादित जागा असते. विमा असलेल्या घटनेमुळे, उदाहरणार्थ वादळात दार मोडल्यामुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते आणि तिच्यात कुलूप, कडी किंवा गज तोडल्याची खूण असावी लागते. ज्याला आपणच किल्ली दिली, त्या पाहुण्याने टीव्ही नेला तर ती सहसा घरफोडी ठरत नाही. त्यासाठी अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत हाच खरा उपाय आहे.

तिसरी, पाहुण्यांप्रती असलेल्या जबाबदारीचा विमा, म्हणजे पब्लिक लायबिलिटी. शेवाळलेल्या पायरीवरून कोणी घसरले, झोपाळ्याची कडी निखळली किंवा गीझरचा धक्का बसला, तर उपचारांचा खर्च आणि भरपाईची मागणी आपल्यावर येते. कोकणातील घरमालक हा विमा सर्वांत जास्त वेळा टाळतात आणि माझ्या मते सर्वांत आधी घ्यावा तो हाच, कारण घराचे नुकसान घराच्या किमतीपुरतेच असते आणि माणसाच्या इजेला तशी मर्यादा नसते. हा विमा मागताना ‘१९९१ च्या कायद्याखालचा नको’ असे स्पष्ट सांगावे. तो धोकादायक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. पोहण्याचा तलाव आणि जेवणातून होणारी विषबाधा यांचे संरक्षण बहुधा वेगळे मागून घ्यावे लागते.

चौथी, विजेच्या उपकरणांचा विमा. शॉर्ट सर्किटने लागलेली आग घरभर पसरली तर ते नुकसान अग्निविम्यात येते, पण ज्या एसीत किंवा इन्व्हर्टरमध्ये शॉर्ट सर्किट झाले, ते उपकरण स्वतः सहसा वगळलेले असते. पावसाळ्यात दाब वर-खाली होणाऱ्या गावात हे ध्यानात ठेवावे.

मागणी अशी करावी. विमा कंपनीला ईमेल लिहून टप्पा १ मधील आपले वाक्य जसेच्या तसे द्यावे. त्याखाली तीन प्रश्न विचारावेत: या वापराला ही पॉलिसी लागू होते का, घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, आणि घर राखणदाराच्या ताब्यात असताना चोरी झाली तर काय. अनेक पॉलिसींत ३० दिवसांची अट असते, आणि कोकणातील घर जून ते सप्टेंबर बंद असते. उत्तर ईमेलनेच घ्यावे आणि सवलत मिळाल्यास ती पॉलिसीच्या जोडपत्रात उतरवून घ्यावी. एजंट ओळखीचा असला तरी प्रस्तावपत्र त्याला भरू देऊ नये. हप्ता कमी यावा म्हणून ‘निवासी’ या चौकोनात केलेली खूण त्याची असली, तरी सही आपली असते.

*सावधान: हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्यातील नियम आहे. नूतनीकरणाची तारीख मे महिन्याच्या आधी येईल अशी ठेवावी. वादळाचा इशारा आल्यावर धावपळ करून विमा मिळेल, या भरवशावर राहू नये.*

*तपासणी: आरक्षण संकेतस्थळे मालकांना जे ‘संरक्षण’ देतात, ते त्यांच्या अटींवर आणि त्यांच्यामार्फत आलेल्या पाहुण्यांपुरते असते. फोनवरून थेट आलेल्या पाहुण्याला ते लागू होत नाही. त्याला आपला विमा समजू नये.*

टप्पा ६: घर पाहुण्यांच्या नजरेने तपासा

आपल्याला घराची सवय असते. उंबरठ्याजवळची सैल फरशी, न्हाणीघरातील दोन बोटांचा चढ आणि अंधारात विहिरीकडे जाणारी वाट आपल्या पायांना माहीत असते, मुंबईहून रात्री अकराला आलेल्या आजींना नसते. म्हणून एक रात्र दिवे बंद करून, हातात फक्त मोबाइलचा उजेड घेऊन घरभर फिरावे आणि जिथे अडखळायला होते तिथे खूण करावी.

विहिरीला कमरेएवढा कठडा असावा आणि तोंडावर लोखंडी जाळी असावी. मुले असलेल्या पाहुण्यांसाठी याला पर्याय नाही. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा, बसवून घ्यावा आणि त्यावरचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे. बंद न्हाणीघरात गॅस गीझर ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळत नाही. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा. आग लागल्यावर सर्वेक्षक सिलिंडर पाहतोच. अग्निशामक नळकांडे स्वयंपाकघराच्या आत न ठेवता दाराबाहेर ठेवावे, म्हणजे आगीतून त्याच्यापर्यंत जावे लागणार नाही.

हे सर्व झाल्यावर प्रत्येक खोलीचे आणि वस्तूचे तारखेसह फोटो व चित्रफीत काढून, खरेदीच्या पावत्यांसोबत घराबाहेर, ईमेलमध्ये जपून ठेवावे.

टप्पा ७: आता जाहिरात, आणि प्रत्येक पाहुण्याची नोंद

जाहिरातीत तेच लिहावे जे विम्याच्या प्रस्तावात लिहिले आहे. प्रस्तावात आठ माणसांची सोय आणि जाहिरातीत ‘१५ जणांच्या ग्रुपसाठी उत्तम’, ही विसंगती नंतर आपल्याच विरोधात वापरली जाते. घराचे नियम आगाऊ रक्कम घेण्याआधी पाठवावेत. त्यांत माणसांची कमाल संख्या, विहीर व समुद्राविषयीची सूचना, अनामत, आणि आरक्षण रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील हे असावे.

राखणदाराकडे छापील नोंदवही ठेवावी. त्यात प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ आणि सही घ्यावी. आधारची प्रत घेतल्यास पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी. परदेशी पासपोर्टवरील पाहुणा आला, तर तो मराठी बोलणारा आणि आपल्याच आडनावाचा असला तरी, २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवावे लागते. अमेरिकेतील भाचा मित्रांना घेऊन येतो तेव्हा ही गोष्ट हमखास राहून जाते.

टप्पा ८: पावसाळ्यात घर बंद करताना

मेच्या मध्यापर्यंत माडांवरील वाळलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवून घ्यावेत, फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात. मुख्य स्विच आणि गॅस बंद करून, पंपाचे फ्यूज काढून ठेवावे. राखणदाराने आठवड्यातून एकदा आत जाऊन, छतासह चार फोटो ठरलेल्या वारी पाठवावेत. घर पूर्ण दुर्लक्षित नव्हते, याचा पुरावाही त्यातून जमतो. बंद राहण्याचा काळ पॉलिसीतील मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो आधीच लेखी कळवावा.

टप्पा ९: नुकसान झाल्यावरचे पहिले दोन दिवस

आधी माणसांची सोय पाहावी. त्यानंतर विमा कंपनीला लगेच फोन आणि पाठोपाठ ईमेल करावा, दावा क्रमांक लिहून घ्यावा. चोरी, आग किंवा इजा असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी. वादळ-पुरानंतर तलाठ्याचा पंचनामा होईल तेव्हा हजर राहून त्याची प्रत मागावी. सर्वेक्षक येईपर्यंत छतावर ताडपत्री घालण्यासारखी बचावाची कामे करावीतच. ती न केल्याने वाढलेले नुकसान आपल्या माथी येते. फक्त आधी फोटो काढावेत, आणि फुटकी कौले, भिजलेल्या गाद्या, जळालेले उपकरण टाकून देऊ नये.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागणीसाठी तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तिथे तक्रार करू शकतात. अर्जाला पॉलिसीची सर्व पाने, नकाराचे पत्र, सर्वेक्षकाचा अहवाल आणि टप्पा ५ मधील ईमेलची प्रत जोडावी. सर्वेक्षकाचा अहवाल आपणहून हाती येईल अशी वाट पाहू नये, तो कंपनीकडे लेखी मागावा.